वाचक विचारतात : म्हाताऱ्या उंदराची किडनी

गेल्या अंकात रक्ततपासणीच्या कागदांबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं : दोन वर्षांच्या उंदराची किडनी हातात घेतली की वय डोळ्यांना दिसतं. त्या एका वाक्यावर चार पत्रं आली, चारही बडोद्यातूनच. म्हणून या महिन्याचं सदर त्यांनाच देते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. इथल्या एका कॉलेजच्या हिस्टॉलॉजी विभागात ३४ वर्षं काप काढले, रंगवले, काचपट्ट्या केल्या आणि मुलांना दाखवल्या. त्यात निम्म्याहून जास्त किडन्याच होत्या, आणि बहुतेक पांढऱ्या उंदरांच्या. तेव्हा औषध-गोळी मला विचारू नका. किडनी आतून कशी दिसते ते विचारा.

ताई, स.न.वि.वि. मी ६८ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, राहणार दांडिया बाजार. नुकत्याच तपासणीत क्रिएटिनिन (रक्तातला, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) १.२ आणि ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज) ६६ आला. नात झूलॉजीत एम.एस्सी. करते. ती म्हणते, 'आजोबा, उंदरांचंही असंच होतं, दोन वर्षांत किडनी खलास.' म्हणजे माझंही ठरलेलंच का? घरातले आता डाळ बंद करा म्हणून मागे लागलेत. करू का?

तुमच्या नातीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी तिला माझ्याकडे पाठवा.

तरुण पांढऱ्या उंदराची किडनी म्हणजे राजम्याचा चांगला टपोरा दाणा. वजन ग्रॅम-दीड ग्रॅम. तुमची-माझी साधारण दीडशे ग्रॅमची असते. रंग लालसर तपकिरी, वरचा पातळ पापुद्रा नखाने सोलला की आत आरशासारखी गुळगुळीत. आता दोन वर्षांच्या, धष्टपुष्ट नराची काढा. फिकट, पिवळटपणाकडे झुकलेली, फुगलेली, आणि बोट फिरवलं तर रव्यासारखी खरखर लागते. तो खरखरीतपणा म्हणजे आतले काही भाग आकसून खाली ओढले गेलेत आणि त्यांच्या शेजारचे फुगून वर आलेत. माणसाच्या किडनीचं वेगळं. ती पन्नाशीनंतर हळूहळू बारीक होते, वजन घटतं. उंदराची बहुधा घटत नाही, उलट वाढते. हा पहिला फरक नातीला वहीत लिहायला सांगा.

आत काय असतं? उंदराच्या एका किडनीत ३०,००० च्या आसपास नेफ्रॉन असतात, माणसाच्या एकीत सरासरी १० लाख. सरासरी म्हणते, कारण माणसामाणसात फार तफावत असते. प्रत्येक नेफ्रॉनच्या टोकाला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. तिथे रक्त गाळलं जातं. पुढे लांब वळणावळणाची नळी असते. गाळलेल्या पाण्यातलं कामाचं सगळं तिथे परत घेतलं जातं आणि उरलेली लघवी होते. माणसाचे नेफ्रॉन आईच्या पोटात ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होऊन संपतात. उंदराचे जन्मानंतर आठवडाभर होत राहतात. मग दोघांचंही दुकान बंद. पुढे आयुष्यभर त्यातले जातात, नवा एकही येत नाही.

म्हाताऱ्या उंदराचा काप पीएएस रंगाने रंगवला की किरमिजी रेघा उठून दिसतात. त्या रेघा म्हणजे गाळणीचं आणि नळ्यांचं अस्तर. तरुण किडनीत ती पेन्सिलीने हलकी ओढल्यासारखी असते, म्हाताऱ्यात स्केचपेनने गिरवल्यासारखी जाड. काही ग्लोमेरुलसमध्ये रक्तवाहिन्यांची जाळीच उरलेली नसते, नुसता घट्ट गुलाबी गोळा. काही नळ्या ताणून रुंद झालेल्या आणि आत गुलाबी, काचेसारख्या थराने भरलेल्या. तो थर म्हणजे गाळणीतून निसटलेलं प्रथिन, नळीत गोठलेलं. एका परीक्षेला मी अशीच काचपट्टी ठेवली होती. अकरा मुलांनी 'थायरॉइड' लिहिलं. मार्क कापले, पण त्यांची चूक मला समजली. थायरॉइडच्या थैल्या हुबेहूब तशाच दिसतात, आणि पॅथॉलॉजीच्या पुस्तकांतही किडनीच्या या अवस्थेचं वर्णन करताना थायरॉइडचीच उपमा असते.

आता मुख्य गोष्ट. त्या ग्लोमेरुलसच्या रक्तवाहिन्यांना बाहेरून बिलगून बसलेल्या पेशी असतात, त्यांना पोडोसाइट म्हणतात. नावाचा अर्थच पाय असलेली पेशी. बारीक बारीक पाय एकमेकांत गुंतवून त्या गाळणीवर पांघरूण घालतात आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन बाहेर जाऊ देत नाहीत. या पेशी जवळजवळ वाढत नाहीत, म्हणजे एकीच्या दोन होत नाहीत. उंदीर मोठा होतो, लठ्ठ होतो, तसा ग्लोमेरुलस फुगतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण इथे अंथरूणच दर महिन्याला वाढतंय. पेशी बिचारी पाय ताणत जाते, ताणत जाते, आणि एक दिवस सुटून लघवीतून वाहून जाते. तिच्या जागी उघडं पडलेलं ठिकाण बाहेरच्या आवरणाला चिकटतं, तिथे वण पडतो, आणि वण पसरत अख्खा ग्लोमेरुलस निकामी होतो. मग त्याचं काम शेजारच्यावर. पाच भावांचा कारभार दोघांच्या अंगावर आला की ते दोघेही लवकर थकतात, तसंच. १९८२ साली बॉस्टनच्या ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी हाच विचार मांडला : उरलेल्या नेफ्रॉनांवर पडणारा जादा दाब आणि जादा गाळण हेच पुढच्या नाशाचं कारण, आणि प्रथिनांचा भरपूर आहार तो दाब वाढवतो.

आणि इथेच नातीचं उरलेलं अर्धं येतं. 'वय झालं' असं आपण ज्याला म्हणतो, त्यातलं वयाचं किती आणि खाण्याचं किती?

आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पिंजऱ्याच्या झाकणाला खोलगट जाळी होती, तिच्यात खाद्याच्या कांड्या भरायच्या. सांभाळणारे काका रोज सकाळी ती जाळी काठोकाठ भरत. उपाशी जनावर ठेवणं त्यांना पाप वाटे. उंदीर दिवसभर पडल्या पडल्या हात वर करून खायचे. चालणं नाही, पळणं नाही, मांजर नाही. दीड वर्षात नर पाचशे-साडेपाचशे ग्रॅमचा. जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत उंदीर असेच वाढले, आणि त्यांच्या किडन्या पाहून पुस्तकांत लिहिलं गेलं की उंदराची किडनी वयाने अशी होते.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ सालीच दाखवलं होतं की पोषण पुरेसं ठेवून उष्मांक कमी केले तर उंदीर जास्त जगतात. १९६० मध्ये बर्ग आणि सिम्स यांनी आहार आखडता घेतलेले उंदीर तपासले, तर किडनीचा हा आजार फार उशिरा आला, काहींत आलाच नाही. पुढे १९८० च्या दशकात टेक्सासमध्ये मसोरो यांच्या गटाने फिशर जातीच्या उंदरांवर आणखी एक गोष्ट पाहिली. उष्मांक तेवढेच ठेवून दुधातल्या केसीनऐवजी सोयाबीनचं प्रथिन दिलं, तरी किडन्या बऱ्याच शाबूत राहिल्या. वय तेच, उंदीर तेच, फक्त जाळीतली कांडी वेगळी.

मी हे वाचलं तेव्हा नोकरीला पंधरा वर्षं झाली होती. मुलांना 'एजिंग किडनी' म्हणून दाखवलेल्या कित्येक काचपट्ट्या खरं तर 'काठोकाठ जाळी किडनी' होत्या, हे तेव्हा कळलं. थोडी लाजही वाटली. पॅथॉलॉजीवाले उंदराच्या या दुखण्याला क्रॉनिक प्रोग्रेसिव्ह नेफ्रोपथी म्हणतात, आणि माणसात त्याला तंतोतंत जोडीदार नाही, असंच त्यातल्या जाणत्यांचं मत आहे.

मग तुमचं काय? माणसाच्या किडनीत वयाने काहीच होत नाही असं नाही. किडनी दान करणाऱ्या, म्हणजे तपासून निरोगी ठरलेल्या माणसांची मोजणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १८ ते २९ वयाच्या दात्यांत एका किडनीत सरासरी ९,९०,००० चांगले ग्लोमेरुलस, ७० ते ७५ वयाच्यांत ५,२०,०००. जवळजवळ निम्मे गेले, आणि तरीही ही माणसं दान करण्याइतकी ठणठणीत होती. दुसरीकडे बाल्टिमोरमध्ये माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेला एक मोठा अभ्यास आहे. १९८५ साली त्यातून असं दिसलं की सरासरीने किडनीची क्षमता दर वर्षी मिनिटाला पाऊण मिलिलिटरने उतरते, पण साधारण एक तृतीयांश लोकांत ती उतरलीच नाही. तेव्हा 'ठरलेलंच का?' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : नेफ्रॉनांची संख्या उतरणं बरंचसं वयाचं. लघवीत अल्ब्युमिन येणं मात्र वयाच्या खात्यावर टाकू नका.

तुमच्या ६६ बद्दल आणखी एक गंमत. हा आकडा कोणी मोजलेला नाही. तुमचं क्रिएटिनिन, वय आणि पुरुष-स्त्री हे एका सूत्रात घालून काढलेला आहे. हाच १.२ तुमच्या २८ वर्षांच्या नातवाचा असता, तर सूत्राने ८४ च्या आसपास आकडा दिला असता. म्हणजे तुमचं वय त्यात आधीच वजा झालंय, ते तुम्ही मनात पुन्हा वजा करू नका. ६० च्या खाली तीन महिने टिकला, किंवा किडनीला इजा झाल्याची दुसरी काही खूण असली, तर डॉक्टर त्याला किडनीचा आजार म्हणतात. ती खूण पाहायला लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनच्या प्रमाणाची साधी तपासणी असते, दर ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या खाली असलं की बरं. तुमच्या कागदांत ती दिसली नाही. ती करून घ्या आणि रक्तदाबाची वही ठेवा. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर ते डॉक्टरांना न लपवता सांगा. राखीव फौज निम्मी झालेली असताना त्या गोळ्या त्रास देतात.

डाळ? वाटीभर गोडं वरण खाणारा माणूस आणि दिवसभर जाळीखाली लोळणारा उंदीर यांची बरोबरी मला तरी जमत नाही. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं, आणि आपली शाकाहारी बडोदेकर मंडळी बहुधा तेवढंही पुरं खात नाहीत. या वयात डाळ सोडलीत तर दंड-मांड्या आधी झिजतील. स्नायू झिजले की क्रिएटिनिनही उतरतं, मग कागदावर किडनी सुधारल्यासारखी दिसते आणि घरातले पेढे वाटतात. डॉक्टरांनी स्वतः सांगेपर्यंत वरण चालू ठेवा. रात्रीच्या फरसाणाबद्दल मात्र घरातल्यांचं ऐका.

मी ६१ वर्षांची, बाबाजीपुऱ्यात राहते. रात्री तीनदा उठावं लागतं. संध्याकाळनंतर पाणी बंद केलं तरी फरक नाही. म्हाताऱ्या उंदरांनाही असं होतं का? हसू नका.

हसत नाही. उंदरांचं वय ओळखण्याची ही आमच्या काकांची खास रीत होती. पिंजऱ्यात खाली भाताचा कोंडा पसरलेला असे. तरुणांचा आठवड्यातून दोनदा बदलला की पुरे. एखाद्या पिंजऱ्यातला मधेच चिकचिकीत झाला, पाण्याची बाटली लवकर रिकामी झाली, की काका म्हणायचे, "बेन, आ तो घरडो थई गयो." म्हणजे, बाई, हा तर म्हातारा झाला. मी नोंदवही उघडून पाहायची, तर तो उंदीर वीस-बावीस महिन्यांचाच निघायचा. पुढे लघवी वेगळी जमा होणाऱ्या मेटाबोलिझम पिंजऱ्यात ठेवून मोजलं तेव्हाही तेच. लघवी जास्त आणि पातळ.

उंदीर मुळात पाणी वाचवण्यात आपला बाप. आपली किडनी लघवी जास्तीत जास्त १,२०० मिलिऑस्मोलपर्यंत घट्ट करते, तरुण उंदराची त्याच्या दुपटीहून पुढे नेते. हे काम किडनीच्या अगदी आतल्या, टोकदार भागात होतं. आपल्या किडनीत अशी आठ-दहा किंवा त्याहूनही जास्त टोकं असतात, उंदराच्या किडनीत एकच. तिथल्या नळ्यांच्या भिंतीत पाण्याच्या रेणूंसाठी खास दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन. त्यांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक आलं की ही दारं उघडतात आणि पाणी परत शरीरात जातं. म्हाताऱ्या उंदरांत व्हॅसोप्रेसिन पुरेसं असूनही दारांची संख्याच कमी झालेली आढळली. निरोप पोचतो, पण उघडायला दार नाही. आणि हे अशाही म्हाताऱ्या माद्यांत दिसलं ज्यांच्या किडनीत वण-बिण काही नव्हता. म्हणजे हा बदल खाण्यापिण्याचा कमी आणि वयाचा जास्त.

पण तुम्हाला तीनदा उठायला लागतं त्याचं कारण एवढंच असेल असं समजू नका. साखर तपासलीत का? संध्याकाळी पायांवर सूज येते का? दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि रात्री लघवीवाटे निघतं. रक्तदाबाची एखादी गोळी रात्री घेत असाल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते का पाहा. आणि पाणी बंद करण्याचा प्रयोग थांबवा. जिची पाणी राखण्याची ताकद कमी झालीय अशा किडनीला बडोद्याच्या मे महिन्यात कोरडं ठेवणं हा उलटा उपाय. सकाळपासून दुपारपर्यंत पोटभर प्या, रात्री घोटभर.

(उंदीर रात्री जागणारा प्राणी, त्यामुळे तो रात्रीच जास्त लघवी करतो आणि त्याची कोणी तक्रार करत नाही.)

मॅडम, मी फतेगंजला राहून फार्मसीत संशोधन करतो. एका वनस्पतीच्या अर्काचा किडनीवर परिणाम पाहतोय. औषधाच्या गटात १८ महिन्यांचे विस्टर जातीचे नर उंदीर आहेत. तुलनेसाठी तेवढे म्हातारे उंदीर मिळाले नाहीत म्हणून ३ महिन्यांचे घेतलेत. चालेल ना?

नाही चालणार. राग मानू नकोस, पण हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण हे नाटक मी एकदा पाहिलंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेतून एक मुलगी चोवीस किडन्यांचे, मेणात बसवलेले ब्लॉक घेऊन आली. मे महिना. बडोद्यात बाहेर ४३ अंश, आमच्या खोलीत पंखा गरम वारा ढकलतोय, आणि ते मेण, पॅराफिन, इतकं मऊ की मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, कापाची रिबन निघायच्या ऐवजी सुरकुती निघायची. कोठीजवळून बर्फ आणला, प्रत्येक ब्लॉक पाच-पाच मिनिटं बर्फावर उपडा ठेवला, मग चार मायक्रॉनचे काप नीट सुटले. तीन दिवस गेले. औषधाच्या गटात वण, थर, जाड अस्तर, सगळं होतं. मुलगी खूश, औषध विषारी ठरलं. मी विचारलं, तुलनेचे उंदीर किती महिन्यांचे? तीन. औषधाचे? सोळा-सतरा. मी म्हटलं, बाळ, तू औषध नाही, वाढदिवस तपासलेस. तिच्या मार्गदर्शकांना हे आधी माहीत होतं का, मला ठाऊक नाही. चोवीस जनावरं फुकट गेली, हे मात्र खरं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला : वय दोन्ही गटांत तेच हवं. म्हातारे विकत मिळत नसतील तर वाढवावे लागतात, आम्हीही वाढवलेच. वेळ नसेल तर दोन्ही गट तीन महिन्यांचे घे आणि म्हातारपणाचा प्रश्न सोडून दे.

दुसरं, नरच का घेतलेस? 'मादीचं चक्र गडबड करतं' हे ठरलेलं उत्तर देऊ नकोस. उंदराच्या किडनीचं हे दुखणं नरांत लवकर आणि जोरात येतं. वृषण काढलेल्या नरांत ते सौम्य होतं. शिवाय नराचं यकृत अल्फा-२यू-ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन बनवतं. ते लघवीत उतरतं, जाता जाता नळ्यांच्या पेशींत चकचकीत थेंबांसारखं साठतं. लघवीच्या पट्टीवर प्रथिन दिसलं की तू 'औषधाने किडनी गळते' लिहून मोकळा होशील, आणि ते नराचं रोजचंच असेल. माणूस हे प्रथिन त्या अर्थाने बनवतच नाही. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनने नर उंदरांच्या किडनीत गाठी झाल्या तेव्हा केवढी खळबळ माजली होती. शेवटी कारण हेच प्रथिन निघालं, आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मान्य केलं की या वाटेने नर उंदरात झालेल्या गाठींवरून माणसाचा धोका ठरवू नये. तेव्हा अल्ब्युमिन वेगळं मोज. नुसतं एकूण प्रथिन नको.

तिसरं, काप. किडनी उभी, मधोमध अशी काप की एकाच काचपट्टीत वरच्या सालीपासून आतल्या टोकापर्यंत सगळं दिसेल. उंदरात वण पहिल्यांदा सालीच्या तळाशी, आतल्या भागाला लागून असलेल्या ग्लोमेरुलसमध्ये पडतात. फक्त वरच्या कडेचे मोजलेस तर आजारी किडनी निरोगी ठरवशील. वरचे आणि तळचे वेगळे मोज, मिळून निदान शंभर. आणि मोजताना काचपट्टीवरचं नाव कागदाने झाकून दुसऱ्याला नंबर घालायला सांग. मी स्वतः पंचवीस वर्षं मोजत होते, तरी नाव दिसलं की डोळा आपल्याला हवं तेच पाहतो.

खाद्य किती टाकलं आणि किती उरलं तेही रोज लिहून ठेव. हे का, ते वरच्या उत्तरात वाच. आणि तुझ्या गाइडना हा अंक दाखवायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

वाडीतून एका आजींचं पोस्टकार्ड : 'बाई, गणपतीचं वाहन ते. एवढे मारून काय साधलंत?'

आजी, थोडं साधलं. उंदराची एक किडनी पूर्ण आणि दुसरीचा दोन तृतीयांश भाग काढला की उरलेल्या तुकड्यावर सगळा भार येतो आणि काही महिन्यांत म्हातारपणासारखेच वण दिसतात. १९८५ च्या सुमारास ब्रेनर यांच्याच प्रयोगशाळेत अशा उंदरांना एनालाप्रिल हे रक्तदाबाचं औषध दिलं, तर ग्लोमेरुलसमधला दाब उतरला आणि वण बरेच टळले. १९९३ साली त्याच जातीचं कॅप्टोप्रिल मधुमेहाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, आणि किडनी निकामी होण्याचं प्रमाण खरंच घटलं. आज तुमच्या वाडीत ज्यांना साखर आहे आणि लघवीत अल्ब्युमिन जातं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या डबीत या घराण्यातली एखादी गोळी असेल. तिची वाट उंदराच्या पिंजऱ्यातून गेलेली आहे.

पण वर लिहिलेल्या त्या चोवीसांचं उत्तर माझ्याकडे नाही. आता नियम कडक आहेत, समितीची परवानगी लागते, किती जनावरं आणि का ते आधी लिहून द्यावं लागतं. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत एवढं विचारणारं कोणी नव्हतं.

आमचे काका भाद्रपदातल्या चतुर्थीला घरून गूळ आणायचे आणि प्रत्येक पिंजऱ्यात एकेक खडा ठेवायचे. पहिल्या वर्षी मी ओरडले, प्रयोगातल्या जनावरांना बाहेरचं द्यायचं नसतं. ते गप्प ऐकून गेले आणि पुढच्या वर्षी पुन्हा गूळ घेऊन आले. मग मी वादात पडले नाही. आमची एक जुनी नोंदवही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यात दर वर्षी त्या तारखेला खाद्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : कांडी २० ग्रॅम, गूळ १ खडा.